लाल ठिपक्यांमागचा आजार ओळखणारे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड हेनोख

नवी दिल्ली : सर्दी-खोकला बरा होऊन काही दिवस लोटतात आणि चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पायांवर व नितंबांवर लाल-जांभळे ठिपके उमटू लागतात. घोटे व गुडघे सुजतात, पोटात मुरडा येतो. सर्वसाधारणपणे तीन ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये आढळणारा हा आजार जगभर हेनोख-शोनलाइन पर्प्युरा या नावाने ओळखला जातो. त्यातील पहिले नाव आहे बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड हाइनरिश हेनोख यांचे.

हेनोख यांचा जन्म १६ जून १८२० रोजी बर्लिन येथे झाला. मज्जासंस्थेच्या विकारांचे विख्यात अभ्यासक मोरिट्झ रोम्बर्ग हे त्यांचे मामा. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८४३ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी मामांच्याच हाताखाली बाह्यरुग्ण विभागात काम सुरू केले. त्यांचे दुसरे मार्गदर्शक योहान लुकास शोनलाइन. दोर वळणाऱ्या कारागिराचा हा मुलगा स्वकर्तृत्वाने प्रशियाच्या राजाचा वैद्य झाला होता. बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयात लॅटिनऐवजी जर्मन भाषेत शिकविण्याची प्रथा त्यांनीच पाडली.

अंगावरील ठिपके आणि सांधेदुखी यांचा परस्परसंबंध शोनलाइन यांनी १८३७ मध्येच मांडला होता. त्याही आधी इंग्लंडचे विल्यम हेबरडन यांनी पोटदुखी, रक्तमिश्रित लघवी आणि ठिपके अशी लक्षणे असलेल्या एका लहान मुलाची नोंद केली होती. मात्र ही निरीक्षणे सुटी सुटी राहिली. ती जोडण्याचे काम शिष्याच्या वाट्याला आले.

या कामी हेनोख यांचा पूर्वानुभव उपयोगी ठरला. अठराशे पन्नासच्या दशकात त्यांनी पोटाच्या विकारांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यामुळे ठिपके असलेल्या मुलाच्या पोटदुखीकडे त्यांनी योगायोग म्हणून पाहिले नाही. १८६८ मध्ये त्यांनी अशा एका रुग्णाची माहिती सहकाऱ्यांपुढे ठेवली. १८७४ मध्ये आणखी काही मुलांच्या नोंदींच्या आधारे त्यांनी पोटातील कळा, शौचावाटे रक्त, सांधेदुखी आणि त्वचेवरील ठिपके ही एकाच आजाराची लक्षणे असल्याचे दाखवून दिले.

शॅरिटे रुग्णालयातील बालरोग विभागाची धुरा त्यांनी १८७२ पासून १८९३ पर्यंत सांभाळली. बालरोगशास्त्राला तेव्हा स्वतंत्र विद्याशाखेचे स्थान पुरते मिळालेले नव्हते. क्ष-किरण नव्हते, सोनोग्राफी नव्हती. रुग्णशय्येशेजारी बसून केलेली तपासणी आणि बारकाईने ठेवलेली टिपणे हीच डॉक्टरांची साधने होती. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालरोगांवरील त्यांच्या व्याख्यानसंग्रहाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजीतही त्याचे भाषांतर झाले.

या आजाराचा सर्वांत गंभीर पैलू हेनोख यांच्या लिखाणात पुढे आला. ठिपके व सांधेदुखी ओसरल्यानंतरही काही मुलांच्या मूत्रपिंडांना दाह होतो, ही गुंतागुंत त्यांनी १८९९ पर्यंत नोंदविली होती. तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते आणि निवृत्त होऊन काही वर्षे लोटली होती. पुढे ड्रेस्डेन येथे वास्तव्यास असताना १९१० मध्ये त्यांचे निधन झाले.

हेनोख यांनी लक्षणांतून जे टिपले, त्याचे कारण विसाव्या शतकात उलगडले. शरीराच्या संरक्षणासाठी तयार होणारी आयजीए नावाची प्रतिपिंडे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्तींत साचतात, तेथे दाह होतो आणि रक्त झिरपू लागते. त्वचेत ते ठिपक्यांच्या रूपाने दिसते. प्लेटलेटची संख्या मात्र कमी झालेली नसते आणि त्यावरून हा आजार रक्तस्रावाच्या इतर विकारांपासून वेगळा ओळखता येतो. २०१२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या आजाराला आयजीए व्हॅस्क्युलायटिस हे नाव दिले. तरीही बालरोग विभागांत जुने नाव अद्याप रूढ आहे.

बहुतेक मुले काही आठवड्यांत विश्रांती व साध्या उपचारांनी बरी होतात. तथापि गुंतागुंत झाल्यास विलंब महागात पडतो. आतड्याच्या भित्तीत रक्तस्राव व सूज आल्याने आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकू शकतो. असह्य पोटदुखी, वारंवार उलट्या किंवा शौचावाटे रक्त ही त्याची सूचना असते आणि अशा वेळी मुलाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते. काही मुलांत पोटदुखी ठिपक्यांच्या आधीच सुरू होते, त्यामुळे अपेंडिक्सचा संशय घेतला जाण्याचीही शक्यता असते.

मूत्रपिंडाचा दाह मात्र बहुधा कोणतीही वेदना न देता येतो. मूल खेळू लागते, शाळेत जाऊ लागते. लघवीत मात्र डोळ्यांना न दिसणारे रक्त किंवा प्रथिने जात असतात. सुरुवातीला स्टेरॉइड दिल्याने मूत्रपिंडाचा त्रास टळतो, असे अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. म्हणूनच ठिपके गेल्यावरही साधारण सहा महिने लघवीची व रक्तदाबाची नियमित तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. मूत्रपिंडे कायमची निकामी होण्याचे प्रमाण अत्यल्प असले, तरी वेळीच निदान झाल्यास उपचारांना वाव मिळतो. लघवीची ही तपासणी साधी व स्वल्प खर्चाची असून लहान गावांतील प्रयोगशाळांतही होऊ शकते.

त्वचेवरील खुणा मिटल्या म्हणजे आजार संपला असे नाही, हे हेनोख यांच्या निरीक्षणांचे सार होय. आजही ठिपके येऊन गेलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांसाठी ते तितकेच मोलाचे आहे.