डिमारचं हृदय

यंदाच्या क्रॉसकंट्रीत मी धावलो नाही. वार्षिक तपासणीत डॉक्टरसाहेबांचा स्टेथोस्कोप माझ्या छातीवर जरा जास्तच वेळ थांबला. ठोक्यांबरोबर मर्मर, म्हणजे फुसफुसल्यासारखा जादा आवाज येत होता. एको होईपर्यंत धावणं बंद. हाउसची मुलं चिखल उडवत येत होती आणि मी फिनिशजवळ नंबराच्या चिठ्ठ्या वाटत होतो. एनडीएच्या मेडिकलचं काय होणार, हेच डोक्यात होतं. त्याच आठवड्यात लायब्ररीत मला क्लेरन्स डिमार भेटला.

डिमार १८८८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जन्मला. वडील लवकर गेले. पुढे त्याला बोस्टनच्या खाडीतल्या एका बेटावरच्या शाळेत ठेवलं. म्हणजे तोही होस्टेलवालाच, आणि आमच्यासारखं त्याला रविवारी गावात जायलाही जमत नसणार! मोठेपणी तो छापखान्यात लागला आणि कामावर धावतच जाऊ लागला.

१९१० साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये तो दुसरा आला. पुढच्या वर्षी शर्यतीआधी डॉक्टरांना त्याच्या हृदयात मर्मर ऐकू आली आणि त्यांनी धावणं सोडायचा सल्ला दिला. डिमार तरीही धावला आणि विक्रमी वेळेत जिंकला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मात्र तो बारावा आला. पुढची दहाएक वर्षं बोस्टनला तो जवळजवळ दिसलाच नाही. १९१७ साली उतरला तेव्हा तिसरा आला. डॉक्टरांचा इशारा मनात होता, शिवाय तो धार्मिक होता आणि नावासाठी धावणं बरोबर का, असंही त्याला वाटे. मी याला घाबरटपणा म्हणणार नाही. छातीत काहीतरी बिघडलंय असं कुणी सांगितलं की रात्री उशीवरसुद्धा आपलेच ठोके ऐकू येतात.

तेव्हाचे डॉक्टर सावध होते त्यालाही कारण होतं. १८९९ साली स्वीडनच्या हेन्शेन यांना लांब पल्ल्याच्या स्कीपटूंची हृदयं मोठी झालेली आढळली होती. मोठं हृदय म्हणजे आजारी हृदय, अशी भीती अनेकांना होती. आता कळतं की खेळ जसा, तसं शरीर घडतं. लांब धावणाऱ्याच्या हृदयाचे कप्पे मोठे होतात, एका ठोक्यात जास्त रक्त जातं, म्हणून बसल्यावर नाडी मंद चालते. वल्हवणाऱ्याच्या हृदयाच्या भिंतीही जाड होतात, कारण वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला रक्तदाब चढतो. पोहणाऱ्याचे खांदे आणि सायकलवाल्याच्या मांड्या लांबूनही ओळखू येतात. धावणारा मात्र बाहेरून काडीपैलवानच दिसतो, माझ्यासारखा.

१९२२ साली डिमार परतला. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं बोस्टन त्याचंच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, मग १९२७, १९२८ आणि १९३० ला पुन्हा बोस्टन. शेवटच्या विजयाच्या वेळी तो ४१ वर्षांचा होता. धावणाऱ्यांत बोस्टनचे सात विजय अजून दुसऱ्या कुणाचे नाहीत. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत त्याला ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा इतरांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल भराभर वाढलं, त्याच्या रक्तात फारच कमी. पासष्टाव्या वर्षीही तो बोस्टनला धावला.

१९५८ साली तो कर्करोगाने गेला. हृदयाने दगा दिला नव्हता. शवविच्छेदनात दिसलं की हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या नेहमीपेक्षा दोन-तीन पट रुंद होत्या. हे प्रसिद्ध करणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी एक होते पॉल डडली व्हाइट, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करणारे.

ही गोष्ट मी डॉक्टरसाहेबांना सांगितली. ते हसले, पण चिठ्ठीवर सही काही केली नाही. त्यांचंही बरोबर आहे. १९११ मध्ये सगळी भिस्त कानांवर होती. आता आत काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. माझा एको पुढच्या सोमवारी आहे. धावायचे बूट धुऊन लॉकरमध्ये ठेवलेत.