कै. धनंजयराव गाडगीळ

मालक एक आणि राबणारे अनेक, ही व्यवस्था मानखुर्दास राहून आम्ही जवळून पाहिली. आमचे ज्येष्ठ बंधू ज्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा त्यांना कोणी विचारलेही नाही. म्हणूनच यंदा ज्ञातिबांधवांपुढे कै. धनंजयराव गाडगीळ यांचे चरित्र ठेवावे, असे आम्हांस वाटले.

त्यांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. केंब्रिज येथे अध्ययन करून त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक विकासावर लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३० साली पुण्यास गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली. तिची धुरा त्यांनी १९६६ पर्यंत वाहिली.

परंतु हा पंडित ग्रंथालयात बसून राहणारा नव्हता. प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांकडून भाग गोळा करीत होते. धनंजयरावांनी त्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले आणि १९५०-५१ साली तेथे पहिला गळीत हंगाम झाला.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. खाजगी कारखान्यास ऊस हा खर्च असतो. भाव जितका उतरेल तितका भागधारकांचा लाभ. सहकारी कारखान्यात ऊस देणाराच भागधारक असल्यामुळे वाढावा उसाच्या भावातून त्याच्याच घरी जातो. मतही भांडवलाच्या प्रमाणात नसून प्रत्येक सभासदास एकच असते. मात्र गरिबांच्या भागांतून मोठे भांडवल उभे राहत नाही. त्यासाठी सरकारचे साह्य व चोख हिशेब दोन्ही लागतात.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. ऊस तोडणारा व यंत्रावर राबणारा तेथेही मजूरच राहिला. आमच्या शेजारी कुर्ल्यास कमानी ट्यूब्जचा कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आला. काही वर्षे त्यांनी तो चालविलाही. पुढे मात्र तो टिकला नाही. मालकी हाती आली तरी भांडवल व व्यवस्थापन यांची चिंता सुटत नाही, हाच त्याचा बोध.

१९६७ पासून धनंजयराव नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. ३ मे १९७१ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या तरुणांनी नोकरी अवश्य करावी. परंतु सहकारी संस्थेचे सभासद झाल्यास ताळेबंद वाचावा व वार्षिक सभेस बसावे. धनंजयरावांचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.