अतिया बेगम फैजी : एकाच नावाची दोन घरं

मुरुडला शाळेची सहल नेली की मुलं जंजिरा किल्ल्यात रमतात. नवाबांचा राजवाडा मात्र बसच्या खिडकीतूनच बघून होतो. पनवेलहून पेण, अलिबाग, रेवदंडा असा हा रस्ता आपल्या रोजच्या ओळखीचा. पण त्या राजवाड्यात ज्यांचं येणं-जाणं होतं त्या अतिया बेगम फैजी यांचं नाव मुलांनाच काय, आम्हा शिक्षकांनाही फारसं ठाऊक नसतं.

अतिया बेगमचा जन्म 1877 चा, इस्तंबूलचा. खानदान मुंबईच्या तय्यबजींचं. त्यांची बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाब सिद्दी अहमद खानांची बेगम. 1906 मध्ये अतिया शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. मुसलमान घरातली मुलगी, त्या काळात! माझ्यासारख्या बीएडवाल्यांनी तर त्यांना आपली बुजुर्गच मानायला हवं. अभ्यासक्रम पुरा झाला नाही, 1907 मध्ये त्या परतल्या. पण तिथला रोजनामचा लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'त छापून आला. शिबली नोमानी आणि इक्बाल यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. इक्बालची पत्रं त्यांनी चाळीसेक वर्षं जपली आणि 1947 मध्ये मुंबईतून पुस्तकात छापली. त्या दोघांबद्दल लोक नाही नाही ते बोलतात, मला त्यात पडायचं नाही. मला नवल वाटतं ते एवढी वर्षं कागद सांभाळण्याचं. आपल्या घरात गेल्या साली आलेलं निकाहचं कार्ड शोधून सापडत नाही.

1912 मध्ये त्यांनी चित्रकार सॅम्युएल रहामीन यांच्याशी लग्न केलं. सॅम्युएल पुण्यात जन्मलेले बेने इस्राएल, म्हणजे पनवेलकर ज्यांना शनवार तेली म्हणून ओळखतात त्या समाजातले. त्यांनी इस्लाम कबूल केला आणि बायकोचं आडनाव आपल्या नावाला जोडलं, फैजी-रहामीन झाले. त्यांची चित्रं लंडनच्या टेट संग्रहात आहेत, दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रं आहेत. मुंबईत दोघांचं घर होतं, 'ऐवान-ए-रिफअत'. चित्रं, पुस्तकं, संगीत, मैफली, येणारे-जाणारे. ते घर म्हणजेच त्यांची कमाई.

फाळणी झाली. 1948 मध्ये जिनांच्या बोलावण्यावरून अतिया, त्यांचे पती आणि नाझली बेगम कराचीला गेल्या. अतिया सत्तरी ओलांडलेल्या. त्या वयात माणूस साधी खोली बदलायला तयार होत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत तेव्हा कराचीला गेलेल्या फुफूची, चाचांची गोष्ट अजून सांगतात. सोबत कोणती पेटी नेली आणि कोणती इथेच राहिली, हे तर अगदी नावानिशी. अतियांनी संग्रह सोबत नेला. घर काही नेता येत नाही, तेव्हा नाव नेलं. कराचीत नवं घर उभं राहिलं, त्यालाही 'ऐवान-ए-रिफअत'च म्हटलं, तिथेही मैफली सुरू केल्या.

जिना त्याच साली सप्टेंबरात वारले. मग काही वर्षांत ते घर सरकारी हुकमाने खाली करावं लागलं. पहिलं घर आपण होऊन सोडलं होतं, दुसरं सोडायला लावलं. माझ्या मते यातला दुसरा घाव मोठा, कारण तोवर पुन्हा घर मांडायचं वय उरलं नव्हतं. तिघं हॉटेलच्या खोलीत राहू लागली. एके काळी नवाबाच्या वाड्यात वावरलेल्या या बहिणींना दुसऱ्यांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. सॅम्युएल 1964 मध्ये गेले, अतिया जानेवारी 1967 मध्ये, नाझली पुढच्या साली.

संग्रह कराचीच्या महापालिकेकडे गेला. त्यांच्या नावाच्या कलादालनाची इमारत कित्येक वर्षं अर्धवट उभी राहिली आणि चित्रं बंद खोल्यांत पडून राहिली.