सी. व्ही. रामन: हिशोबाच्या नोकरीपासून डायबिटीस शोधणाऱ्या प्रकाशापर्यंत

मी महागावचा, यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे तब्येतीचं काही मोठं निघालं की नांदेड, यवतमाळ, नाहीतर थेट नागपूर गाठावं लागतं. त्याच नागपुरात १९१० मध्ये सरकारी हिशोब खात्यातला एक तरुण अधिकारी बदली होऊन आला होता. नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

जन्म ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्ली. १९०७ मध्ये कलकत्त्यात नोकरी लागली, मग रंगून, नागपूर आणि १९११ मध्ये परत कलकत्ता. ऑफिसच्या वेळेआधी आणि नंतर ते तिथल्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करायचे. १९१७ मध्ये त्यांनी जास्त पगाराची ही नोकरी सोडली आणि प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये बोटीने परत येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांच्या डोक्यात बसला. २८ फेब्रुवारी १९२८ ला, के. एस. कृष्णन यांच्या साथीने, उत्तर सापडलं: पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल प्रत्येक रेणूचा वेगळा असतो, जणू अंगठ्याचा ठसा. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता डायबिटीसकडे येऊ. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. साखर वाढायच्या कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी रक्तात जीएडीसारख्या अँटिबॉडी दिसू लागतात. ग्लुकोमीटर त्या पकडू शकत नाही, तो फक्त साखर मोजतो.

इथे रामन कामाला येतात. सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांजवळ हा कमजोर सिग्नल कितीतरी पटींनी वाढतो, हे १९७० च्या दशकात कळलं. अशा कणांवर ठरावीक प्रथिन बसवायचं. रक्तात त्याची अँटिबॉडी असेल तर ती येऊन चिकटते, आणि लेझर टाकल्यावर सिग्नल बदलतो. अशा सेन्सरवर सध्या संशोधन चालू आहे.

रामन २१ नोव्हेंबर १९७० ला बंगळुरूत गेले, म्हणजे हे सगळं त्यांनी पाहिलंच नाही. पण टाइप १ चं निदान बऱ्याच मुलांमध्ये तब्येत पार ढासळल्यावर होतं. हा सेन्सर स्वस्त होऊन तालुक्याच्या दवाखान्यात पोचला, तर धोक्याची खूण आधीच कळेल.