डॉ. द्वारकानाथ कोटणीस

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यम स्थितीतील कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी डॉक्टरीचे शिक्षण घेतले. पुढे उत्तम शस्त्रवैद्य व्हावे, अशी त्यांची आकांक्षा होती.

त्या वेळी जपानने चीनवर आक्रमण केले होते. जखमी सैनिकांची संख्या अफाट आणि डॉक्टर अगदी थोडे, अशी चीनची अवस्था झाली. तेथील सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले. तेव्हा १९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे एक पथक पाठविले. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि अवघ्या सत्तावीस वर्षांचे कोटणीस हे इतर चौघे होत.

चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. घरची ओढ मोठी होती. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट टाकून परतणे त्यांच्या मनास पटले नाही. ते तेथेच राहिले आणि १९३९ साली येनान येथे पोहोचले.

रणांगणाजवळील रुग्णालये म्हणजे खेड्यांतील साधी घरे. शत्रूच्या नाकेबंदीमुळे बाहेरून औषधे येणे दुरापास्त झाले होते. त्यामुळे त्या भागात चिनी वैद्यांच्या वनौषधींचाही आधार घ्यावा लागे. १९४० मधील एका लढाईच्या वेळी कोटणिसांनी सतत ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. पुढे १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेत विषबाधा होऊन वारले होते. त्यांचेच नाव या रुग्णालयास दिले होते.

कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेतून विद्यार्थ्यांना शस्त्रवैद्यक शिकवू लागले. तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या मुलाचे नाव यिनहुआ. या नावात ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. मात्र कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. सहकाऱ्यांनी विश्रांतीचा आग्रह केला. तरी त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

कोटणीस गेले, पण त्यांनी जोडलेला धागा तुटला नाही. त्यांचे सहकारी डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला गेले आणि सूचिचिकित्सा शिकून आले. या प्राचीन चिनी उपचारात शरीरावरील ठरावीक ठिकाणी केसासारख्या बारीक सुया टोचतात व काही वेळ तशाच ठेवतात. कधी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची वाळलेली पाने जाळून त्यांची ऊब त्या ठिकाणी देतात. दुखणे कमी करण्यासाठी हा उपचार विशेष करतात. कोणत्या व्याधीवर त्याचा किती उपयोग होतो, याचा शास्त्रज्ञ अद्याप शोध घेत आहेत. डॉ. बसूंनी कलकत्त्यात ही विद्या रुजविली. आज महाराष्ट्रातही तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे.

भारताने चीनला आपले डॉक्टर दिले आणि चीनकडून एक उपचारविद्या घेतली. विद्येची ही देवघेव ज्यांच्या सेवेने सुरू झाली, त्यांत कोटणिसांचे नाव अग्रभागी आहे. देशादेशांत पुढे कितीही मतभेद झाले, तरी रोग्याच्या उशाशी जागणाऱ्या माणसाला कोणताही देश विसरत नाही. चीनमध्ये त्यांची समाधी आहे. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे.

स्वाध्याय
१. वडिलांच्या निधनानंतरही कोटणीस चीनमध्येच का राहिले?
२. सूचिचिकित्सा कशी करतात, ते थोडक्यात लिहा.
३. भारत व चीन यांनी एकमेकांना काय दिले?