सहा टिंबांचा जनक

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरांवर कूव्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे सिमाँ-रने ब्रेल हा खोगिरे आणि घोड्यांचा चामडी साज तयार करणारा कारागीर राहत असे. ४ जानेवारी १८०९ रोजी त्याच्या घरी चौथे मूल जन्मले. तोच लुई. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात चामड्याशी खेळता खेळता हातातले हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. जखम चिघळली, तिचे विष दुसऱ्या डोळ्यात उतरले आणि पाचव्या वर्षापर्यंत लुईची दृष्टी पूर्णपणे गेली. ते हत्यार आरी होती, असे बहुतेक चरित्रांत लिहिलेले आढळते. पुढे ज्या अणकुचीदार साधनाने लुईने कागदावर टिंबे उठवली, तेही आरीसारखेच. म्हणून लेखक मंडळी या योगायोगावर पाने खर्ची घालतात. मला मात्र त्यापेक्षा लुईच्या आईवडिलांविषयी अधिक वाटते. त्या काळी अंध मूल म्हणजे रस्त्यावर भीक मागणारे मूल, असे समीकरणच होते. या साध्या कारागिराने मुलाला काठी करून दिली, त्याला घरकामात घेतले आणि गावच्या शाळेत डोळस मुलांच्या बरोबरीने बसवले. गावचा धर्मगुरू पालुई यानेही त्याला शिकवले. लुई ऐकूनच सारे पाठ करी. परंतु इतर मुले पुस्तक उघडीत, तेव्हा त्याला स्वस्थ बसून राहावे लागे.

१८१९ च्या फेब्रुवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंधशाळेत प्रवेश मिळाला. व्हालांतँ आयुई या गृहस्थाने १७८५ मध्ये काढलेली ही शाळा अंधांसाठी जगात पहिली मानली जाते. इमारत जुनी, ओलसर आणि कोंदट होती. लुईच्या क्षयाचे मूळ तेथेच असावे असे पुष्कळांचे मत आहे. पण शाळेत पुस्तके होती! आयुईने ओल्या जाड कागदावर नेहमीचीच रोमन अक्षरे दाबून उठावाची केली होती. विद्यार्थ्याने एकेका अक्षराच्या कडेवरून बोट फिरवायचे, ते ओळखायचे, मग पुढच्याकडे वळायचे. वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरायला होई. एकेक पुस्तक धोंड्यासारखे जड. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, हे वाचता येत असले तरी मुलांना स्वतः लिहिता येत नसे. आयुईचा हेतू थोर होता यात शंका नाही. पण त्याची लिपी डोळ्यांसाठी जन्मलेली होती, तिला नुसते बोटांपुढे आणून ठेवले होते.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए या तोफखान्यातील माजी अधिकाऱ्याची लेखनपद्धती शाळेत आली. तिच्यात अक्षरांच्या रेषा नव्हत्या, केवळ उठावाची टिंबे होती. बोटाला टिंब चटकन कळते, रेषा कळत नाही, हे बार्बिएचे निरीक्षण अचूक होते. परंतु त्याची खूण बारा टिंबांपर्यंत जाई, दोन उभ्या ओळींत सहा-सहा. ती बोटाच्या पेराखाली एका वेळी मावत नसे. शिवाय ती उच्चारांची लिपी होती. तिच्यात शुद्धलेखन, विरामचिन्हे, अंक यांना जागाच नव्हती.

उच्चार कळले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटेल. आमच्या वर्गातील एका अंध मैत्रिणीला मी अधूनमधून पुस्तके वाचून दाखवते, म्हणून यातली अडचण मला ठाऊक आहे. तिचा मोबाइल तिला मजकूर भराभर वाचून दाखवतो. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. पहिली वेलांटी की दुसरी, हे ती शिकली ते लहानपणी ब्रेलच्या पुस्तकावरून बोट फिरवूनच. जो केवळ ऐकतो त्याला भाषा येते, लेखन येतेच असे नाही. लुईने हे दोनशे वर्षांपूर्वी, अगदी पोरवयात, ओळखले होते.

रात्री इतर मुले झोपल्यावर आणि सुट्टीत कूव्रेला गेल्यावर तो टिंबे मांडत आणि मोडत राही. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी मुख्यतः सिद्ध झाली. टिंबे सहाच : दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन. सारी खूण एकाच स्पर्शात बोटाखाली येते. या सहांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. त्यांची मांडणीही सुटसुटीत आहे. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांतच बसवलेली. त्यांनाच खाली डावीकडे एक टिंब जोडले की पुढची दहा. म्हणजे पाठ करायचे ते मुख्यतः दहाच! १८२९ मध्ये त्याने ही पद्धती पुस्तकरूपाने मांडली, त्यात संगीताचे लेखनही होते आणि बार्बिएचे ऋणही मोकळेपणाने मान्य केलेले होते. त्या पहिल्या आवृत्तीत टिंबांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. १८३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने त्या काढून टाकल्या. लिहिण्यासाठी पाटी आणि स्टायलस एवढेच पुरे. कागद मागच्या बाजूने टोचायचा, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटे लिहायचे आणि कागद उलटून डावीकडून वाचायचे. मी एकदा मैत्रिणीची पाटी घेऊन माझे नाव लिहून पाहिले. पाच मिनिटे लागली. आणि ती मात्र त्याच पाटीवर व्याख्यानाची टिपणे काढते!

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाला. ऑर्गन तो उत्तम वाजवी. १८३४ पासून पॅरिसच्या सँ-निकोला-दे-शाँ चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. पंचविशीनंतर क्षयाने त्याला गाठले.

त्याच्या सहा टिंबांची कीर्ती सर्वत्र आहे. मला मात्र त्याची दुसरी खटपट अधिक हृद्य वाटते, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. टिंबांनी अंध माणूस दुसऱ्या अंधाशी बोलू लागला. पण शाळेतल्या मुलाने गावी आईला पत्र लिहायचे कसे? तिला टिंबे कुठे कळतात! पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे म्हणजे मनातले त्या तिसऱ्या माणसाला आधी सांगायचे. १८३९ मध्ये लुईने आणखी एक पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात रोमन अक्षरेच टिंबांनी रेखाटायची. प्रत्येक अक्षराची टिंबे कोणकोणत्या घरांत पडतात त्याचे आकडे पाठ करायचे आणि चौकटीत त्याप्रमाणे टोचत जायचे. अंधाने लिहावे आणि डोळसाने डोळ्यांनी वाचावे. काम फार सावकाशीचे होते. पिएर फूको नावाच्या एका अंध यंत्रज्ञाने १८४१ मध्ये त्यासाठी दहा दट्ट्यांचे यंत्र तयार केले. दट्टे दाबले की टिंबांचा एक उभा स्तंभ उमटे आणि अशा स्तंभांतून अक्षर पुरे होई. टंकलेखन यंत्र बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. डोळसांनी अंधांची लिपी शिकण्याचे मनावर घेतले नाही. अंध शिक्षकानेच डोळसांपर्यंत पूल बांधला.

आणि नेमके याच सुमारास त्याच्या सहा टिंबांवर गंडांतर आले. १८४० मध्ये द्यूफो हा शाळेचा नवा संचालक झाला. डोळसांना न कळणारी लिपी शिकवली तर अंध मुले समाजापासून तुटतील, असे म्हणून त्याने वर्गातून टिंबे हद्दपार केली. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, म्हणूनच तो घातक होता. लिपी कोणाच्या सोयीची असावी, हे तिच्यावाचून ज्याचे काहीच अडत नाही तो ठरवत होता. मुलांनी मात्र ऐकले नाही. ती चोरून एकमेकांना टिंबे शिकवीत राहिली. द्यूफोचा सहकारी ग्वादे याने मुलांची बाजू घेतली, संचालकाचे मन वळवले, आणि २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी जमलेल्या लोकांसमोर ब्रेल लिपीचे प्रात्यक्षिक झाले.

६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, लुईने देह ठेवला. त्याच्या मागे एक पेटी निघाली, असे सांगतात. तिच्यात विद्यार्थ्यांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या जाळून टाकाव्यात अशी त्याची इच्छा होती. त्याच्याच शाळेने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. ती मान्यता पाहण्यास तो उरला नव्हता!

आपल्याकडे मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधशाळा काढली. मात्र भारतात दीर्घकाळ प्रांतोप्रांती टिंबांचे निरनिराळे संकेत चालत; एका शाळेचे पुस्तक दुसऱ्या शाळेत निरुपयोगी ठरे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि हा घोळ मिटला. तिच्यात मराठीचा ‘क’ आणि रोमन ‘के’ यांची खूण एकच आहे. छापील मराठीत अक्षराआधी येणारी ऱ्हस्व वेलांटी तिच्यात अक्षरानंतर, उच्चाराच्या क्रमाने, येते. पहिली आणि दुसरी वेलांटी यांच्या खुणा अर्थातच वेगळ्या.

१९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, फ्रान्सने लुईच्या अस्थी थोर पुरुषांच्या पाँतेओंमध्ये नेल्या. कूव्रेने त्याचे हात मात्र जाऊ दिले नाहीत. ते गावच्या दफनभूमीत, त्याच्या जुन्या थडग्यावरील एका कलशात आहेत.