सागरतळाचे संशोधक सर जॉन मरे

सर जॉन मरे यांचा जन्म १८४१ सालीं कॅनडांत झाला. सतराव्या वर्षीं ते स्कॉटलंडांत आजोबांकडे आले. एडिंबरो विद्यापीठांत त्यांनीं अनेक विषय आवडीनें अभ्यासिले. पदवी मात्र न घेतांच ते बाहेर पडले. (विद्यार्थ्यांनीं यावरून भलताच बोध घेऊं नये!)

१८७२ सालीं 'चॅलेंजर' जहाज महासागरांच्या शोधार्थ निघालें, तेव्हां मुख्य शास्त्रज्ञ वायव्हिल टॉमसन यांचे मदतनीस म्हणून मरे त्यावर होते. तळाचा गाळ वर काढला असतां तो कित्येक ठिकाणीं खडूसारखा पांढरट दिसे. त्यांत ग्लोबिजेरिना नामक जीवांचीं, टांचणीच्या डोक्याहूनहि लहान अशीं चुन्याचीं कवचें खच्चून भरलेलीं असत. हे जीव तळाशींच राहतात, असें टॉमसन यांचें मत होतें. मरे यांनीं बारीक विणीचीं जाळीं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वारंवार ओढून तेच जीव तेथें जिवंत पकडले. तो पुरावा पाहून टॉमसन यांनीं आपलें मत सोडलें. ही गोष्ट दोघांसहि भूषणावह होय.

परंतु यांतूनच नवें कोडें उद्भवलें. कवचांचा वर्षाव वरून होत असतांहि सुमारें २,५०० वांवांहून, म्हणजे १५,००० फुटांहून, खोल तळावर तीं विरळ होत जाऊन अखेर नुसती तांबडी मातीच कां सांपडावी? मरे यांनीं ठिकठिकाणचे नमुने खोलीशीं ताडून पाहिले. चुना पाण्यांत विरघळतो, हेंच त्याचें कारण ठरलें. खोल पाणी थंड असतें, त्यावर प्रचंड दाब असतो, आणि कुजणाऱ्या जीवद्रव्यामुळें त्यांत कर्बाम्ल वायुहि अधिक असतो. समुद्रांत तरंगणाऱ्या चिमुकल्या गोगलगाईंचीं नाजूक कवचें तर त्याहून कमी खोलीवरच नाहींशीं होतात. हिमालयाच्या शिखरांवर बर्फ टिकावें व दऱ्यांत वितळावें, तसाच हा प्रकार. सागरांतील पर्वतांचे माथे पांढरे, तर खोल दऱ्या तांबड्या! ही सीमा सर्वत्र सारखी नसते. अटलांटिक महासागरांत ती पॅसिफिकपेक्षां खोल आहे.

१८८२ सालीं टॉमसन निवर्तले व सफरीच्या अहवालाचा भार मरे यांच्यावर पडला. १८९५ सालीं तो ५० खंडांत पुरा झाला. १९१४ सालीं मोटारीच्या अपघातांत मरे यांचा अंत झाला. त्यांनीं मागें ठेवलेल्या द्रव्यांतून १९३३-३४ सालीं 'मबाहिस' नांवाचें इजिप्ती जहाज निघालें, आणि त्यानें आपल्या अरबी समुद्राच्या तळाचा गाळ वर काढून तपासला.